कन्व्हर्ट केलेला व्हिडिओ वेबसर्व्हरवरून ब्राउझरमधे नीट चालवायचा कसा

आपल्या कॉम्प्युटरवर व्हिडिओ झकास चालतो आणि सर्व्हरवर टाकला की ब्राउझरमधे नुसता काळा चौकोन दिसतो. किंवा चालतो, पण सुरू व्हायलाच मिनिटभर लागतं. किंवा आवाज येतो चित्र नाही, चित्र येतं आवाज नाही, क्रोममधे चालतो आणि आयफोनवर काहीच हलत नाही. असं काही झालं की बहुतेक जण पहिल्यांदा प्लेअर बदलतात, एक लायब्ररी काढून दुसरी, दुसरी काढून तिसरी, आणि दोन दिवस त्यातच जातात. खरं तर प्लेअर बिचारा बहुतेक वेळा निर्दोष असतो. गडबड एकतर फाइलमधे असते नाहीतर सर्व्हर ती फाइल कशी देतो त्यात असते, म्हणून खालचा क्रमही तसाच लावलाय: आधी फाइल, मग सर्व्हर आणि प्लेअर त्यानंतर.

सुरू करण्याआधी एक सूचना. या विषयावरचे जुने लेख अजून भरपूर सापडतात आणि त्यात एफएलव्ही फाइल बनवा, फ्लॅश प्लेअर लावा, आरटीएमपी सर्व्हर बसवा असं सगळं लिहिलेलं असतं. ॲडोबीने फ्लॅश प्लेअरचा सपोर्ट ३१ डिसेंबर २०२० ला बंद केला आणि आजचा कुठलाच ब्राउझर तो चालवत नाही. आरटीएमपी लाइव्ह प्रक्षेपण सर्व्हरपर्यंत पोचवायला अजून वापरतात, पण ब्राउझरमधे बघायला त्याचा उपयोग नाही. लेखात एफएलव्ही दिसलं की तो टॅब बंद करा.

हाताशी काय काय लागेल

- एफएफएमपेग, म्हणजे व्हिडिओ कन्व्हर्ट करणारं कमांडलाइनचं साधन, आणि त्याच्याबरोबरच येणारं, फाइलची माहिती छापणारं एफएफप्रोब. दोन्ही फुकट आहेत.
- सर्व्हरवर कमांडलाइन. शेअर्ड होस्टिंगवर ती नसेल तर कन्व्हर्शन आपल्या मशीनवर करा आणि तयार फाइल अपलोड करा, काही बिघडत नाही.
- वेबसर्व्हर, म्हणजे एनजिनएक्स किंवा अपाची, आणि त्याची कॉन्फिग बदलायची परवानगी.
- कर्ल (कमांडलाइनवरून वेबपत्ता मागवून बघायचं साधन), आणि ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समधला नेटवर्क टॅब.
- टेस्टसाठी निदान दहा मिनिटांचा एक व्हिडिओ. दहा सेकंदांच्या क्लिपवर टेस्ट करू नका, ती एका झटक्यात अख्खी डाउनलोड होते आणि खरे प्रॉब्लेम दिसतच नाहीत.
- एक आयफोन, मागून आणलेला चालेल.
- मूळ फाइल आणि कन्व्हर्ट केलेल्या सगळ्या फाइली एकाच वेळी मावतील एवढी डिस्क.

पुढे कमांडमधल्या ऑप्शनची नावं उच्चारावरून लिहिलीयत. टाइप करताना ती इंग्रजीत, लहान अक्षरांत आणि पुढे डॅश लावून लिहायची; ऑप्शनच्या नावाच्या मधे आडवी रेघ दिसली तर तिथे अंडरस्कोर.

१. फाइलच्या आत काय आहे ते आधी बघा

एमपी४, एमकेव्ही, एमओव्ही, वेबएम हे नुसते डबे आहेत. डब्यात काय भरलंय ते वेगळं. चित्र एच.२६४ मधे असेल, एच.२६५ मधे, व्हीपी९ मधे किंवा एव्ही१ मधे, आणि आवाज एएसी, एमपी३, ओपस, एसी३, डीटीएस यातल्या कशातही. ब्राउझरला दोन्ही समजावं लागतं, डबाही आणि आतला मालही. त्यामुळे डॉट एमकेव्ही खोडून डॉट एमपी४ लिहिलं की काम झालं असं ज्यांना वाटतं त्यांनी फक्त झाकण बदललेलं असतं.

एफएफप्रोबला फाइलचं नाव द्या आणि जे छापून येईल त्यात या गोष्टी शोधा: व्हिडिओचा कोडेक (चित्र किंवा आवाज दाबून भरायची पद्धत, एच.२६४ किंवा एएसी सारखी), पिक्सेल फॉरमॅट (प्रत्येक ठिपक्याचा रंग कसा साठवलाय ते), रुंदी-उंची, फ्रेम रेट, आवाजाचा कोडेक आणि किती चॅनल. सगळीकडे हमखास चालणारी जोडी म्हणजे एमपी४ डब्यात एच.२६४ चित्र, पिक्सेल फॉरमॅट वाययूव्ही४२०पी, आणि एएसी स्टीरिओ आवाज. एच.२६४ चं स्टँडर्ड २००३ चं आहे, म्हणजे बरंच जुनं, पण फोन, टीव्ही, स्वस्त टॅबलेट सगळ्यांच्या चिपमधे ते वाचायची सोय असते आणि नवख्या माणसाने इथूनच सुरुवात करावी.

एच.२६५ सफारीत चालतं, बाकी ब्राउझरमधे ते त्या मशीनच्या हार्डवेअरवर अवलंबून असतं, म्हणजे तुमच्याकडे चालेल आणि बघणाऱ्याकडे नाही. आणि आजकाल बऱ्याच फोनमधे व्हिडिओ एच.२६५ मधेच रेकॉर्ड होतो. तेव्हा "माझ्या फोनवर तर चालतोय" हा पुरावा धरू नका. एव्ही१ ने फाइल छान लहान होते पण कन्व्हर्ट करायला वेळ खूप लागतो आणि सफारी ते फक्त हार्डवेअर डिकोडर असलेल्या नव्या मशीनवर चालवते. जास्तीचा पर्याय म्हणून ठेवा, एकमेव म्हणून नको.

२. पूर्ण कन्व्हर्ट करायची गरज आहे का ते ठरवा

आत आधीच एच.२६४ आणि एएसी असेल आणि फक्त डबा एमकेव्ही असेल तर नव्याने एन्कोड करू नका. एफएफएमपेगला कोडेकच्या जागी कॉपी सांगितलं की तो आतला माल जसाच्या तसा उचलून एमपी४ मधे ठेवतो. दोन तासांचा सिनेमाही थोडक्यात होतो आणि क्वालिटी तसूभरही कमी होत नाही. चित्र ठीक आणि आवाज तेवढा एसी३ किंवा डीटीएस असेल, जे क्रोम-फायरफॉक्समधे मुकंच राहतं, तर चित्राला कॉपी आणि आवाजाला एएसी असं वेगवेगळं सांगता येतं. हे माहीत नसल्यामुळे लोक रात्र रात्र मशीन तापवत बसतात.

एकच अट, कॉपीमधे काहीही सुधारत नाही. पिक्सेल फॉरमॅट चुकीचा असेल तर तो चुकीचाच राहणार, लांबी-रुंदी तीच, बिटरेट (सेकंदाला लागणारा डेटा) तोच.

३. कन्व्हर्ट करताना द्यायचे ऑप्शन

व्हिडिओ कोडेक लिबएक्स२६४.

क्वालिटीसाठी सीआरएफ. हा आकडा ० ते ५१ असतो, जितका कमी तितकं चित्र चांगलं आणि फाइल मोठी. काही न सांगता २३ धरला जातो. १८ ते २८ च्या बाहेर जायची सहसा गरज पडत नाही. आकडा ६ ने वाढवला की फाइल साधारण निम्मी होते, ६ ने कमी केला की साधारण दुप्पट, एवढा अंदाज पुरतो.

प्रीसेट म्हणजे एन्कोडरने किती डोकं चालवायचं ते. मीडियम हा ठरलेला. स्लो दिला तर वेळ जास्त आणि तेवढ्याच क्वालिटीची फाइल लहान, अल्ट्राफास्ट दिला तर पटकन होतं पण फाइल फुगते. व्हिडिओ एकदा कन्व्हर्ट होणार आणि हजार वेळा बघितला जाणार, मग माझ्या मते स्लो लावावा आणि चहा प्यायला जावं.

पिक्स-एफएमटी, म्हणजे पिक्सेल फॉरमॅट, वाययूव्ही४२०पी, हे न विसरता लिहायचं. मूळ व्हिडिओ १० बिटचा असेल आणि तुम्ही काहीच सांगितलं नाही तर एफएफएमपेग इमानदारीत १० बिटचं एच.२६४ बनवून देतो. व्हीएलसीमधे ते सुरेख चालतं आणि ब्राउझरमधे काळं होतं. फाइल एमपी४ आहे, कोडेक एच.२६४ आहे, सगळं बरोबर दिसतंय तरी चालत नाही असं झालं की पहिला संशय याच्यावर घ्यायचा.

आकार बदलायचा असेल तर स्केल फिल्टरमधे उंची ७२० आणि रुंदीच्या जागी उणे २ लिहा. उणे २ म्हणजे रुंदी प्रमाणात काढ पण सम आकडा ठेव. उणे १ लिहिलं तर विषम आकडा येऊ शकतो आणि मग रुंदीला २ ने भाग जात नाही अशी एरर येऊन काम थांबतं. आणि ४८० चा व्हिडिओ ताणून १०८० करू नका, फक्त फाइल वाढते.

आवाज एएसी, १२८ के, चॅनल दोन.

मॅक्सरेट आणि बफसाइज हे दोन सीआरएफच्या जोडीला द्या. सीआरएफ क्वालिटी सांभाळतो, बिटरेट नाही. पाऊस, गर्दी, पाण्याच्या लाटा अशा सीनला बिटरेट एकदम उसळतो आणि बरोबर तिथेच बघणाऱ्याचं चाक फिरायला लागतं. ७२०पी ला मॅक्सरेट २.५ मेगाबिट आणि बफसाइज त्याच्या दुप्पट, इथून सुरुवात करून बघा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, मूव्हफ्लॅग्ज मधे प्लस फास्टस्टार्ट. एमपी४ फाइलमधे मूव्ह नावाचा एक भाग असतो, कुठली फ्रेम फाइलमधे कुठे आहे याची यादी त्यात असते आणि ती वाचल्याशिवाय प्लेअरला पहिली फ्रेमसुद्धा दाखवता येत नाही. एन्कोडिंग संपेपर्यंत ही यादी पूर्ण होत नाही म्हणून एफएफएमपेग ती साहजिकच फाइलच्या शेवटी लिहितो. आता ब्राउझरने फाइल सुरुवातीपासून वाचायला घेतली तर यादी शेवटी, मग तो एकतर उडी मारून शेवटचा तुकडा मागतो, किंवा सर्व्हर तशी उडी मारू देत नसेल तर अख्खी फाइल उतरेपर्यंत थांबतो. ते मिनिटभर थांबणं म्हणजे बहुतेक वेळा हेच. फास्टस्टार्ट दिलं की काम संपल्यावर एफएफएमपेग यादी उचलून पुढे आणून ठेवतो. शेवटी थोडा वेळ जास्त जातो, घाबरून मधेच बंद करू नका. जुन्या फाइलींना हे लावायचं असेल तर कॉपी आणि फास्टस्टार्ट एवढंच सांगा, परत एन्कोड नको.

४. कन्व्हर्शन कधी आणि कुठे चालवायचं

साइटवर लोक व्हिडिओ अपलोड करणार असतील तर हा भाग तुमच्यासाठी. स्वतःच्याच फाइली टाकणार असाल तर सरळ पुढच्या पायरीवर जा.

अपलोडलाच पहिली ठेच लागते. एनजिनएक्समधे क्लायंट-मॅक्स-बॉडी-साइज काही न करता १ एमबी असतं, त्याच्या वर गेलं की ४१३ ही एरर. पीएचपी वापरत असाल तर तिथे अपलोड-मॅक्स-फाइलसाइज २ एमबी आणि पोस्ट-मॅक्स-साइज ८ एमबी. तिन्ही वाढवावे लागतात, एक वाढवून दोन विसरलं की एरर विचित्र येतात.

कन्व्हर्शन वेब रिक्वेस्टच्या आत चालवू नका. अपलोड झाला, त्याच स्क्रिप्टने एफएफएमपेग सुरू केलं आणि पान उत्तराची वाट बघत बसलं, हे टेस्टला छान दिसतं. नंतर कोणीतरी तासाभराचा व्हिडिओ टाकतो, टाइमआउट होतो, माणूस रिफ्रेश मारतो आणि तेच काम दुसऱ्यांदा सुरू होतं. त्यापेक्षा डेटाबेसमधे एक नोंद करा, "प्रक्रिया चालू आहे" असं दाखवा आणि मागे एक वेगळा प्रोसेस एकेक काम उचलून करत राहू दे. नाइस लावून त्याची प्रायॉरिटी खाली ठेवा, नाहीतर कन्व्हर्शन चालू असताना साइटच रांगायला लागते.

कन्व्हर्ट होणारी फाइल आधी दुसऱ्याच नावाने लिहा आणि पूर्ण झाल्यावर, एफएफएमपेग एररशिवाय संपलंय हे बघून, खऱ्या नावावर मूव्ह करा. नाहीतर अर्धवट फाइल कोणीतरी मागतो आणि ती अर्धवटच कुठल्यातरी कॅशमधे जाऊन बसते. शेल लूपमधे एफएफएमपेग चालवताना नोएसटीडीइन हा ऑप्शन द्या. तो नसेल तर लूप ज्या यादीतून नावं वाचतो ती यादी एफएफएमपेगच गिळतो आणि पहिल्या फाइलनंतर कारभार थंड. लोकांनी दिलेलं फाइलचं नाव कमांडमधे तसंच्या तसं कधीच घालू नका, आपलं नवीन नाव द्या.

मग मनात येतं की आधी कन्व्हर्ट कशाला, कोणी बघायला आलं की तेव्हाच करून थेट पाठवू. एफएफएमपेगचं आउटपुट पाइपने ब्राउझरकडे सोडता येतं, फ्रॅगमेंटेड एमपी४ म्हणतात त्याला, फ्रॅग-कीफ्रेम आणि एम्प्टी-मूव्ह हे फ्लॅग द्यायचे, आणि ते खरंच चालतं. पण व्हिडिओची एकूण लांबी ब्राउझरला कळत नाही, पुढे-मागे सरकवता येत नाही, प्रत्येक बघणाऱ्यामागे एक एन्कोडर चालतो, आणि बघणारा टॅब बंद करून गेला तरी तुमच्या स्क्रिप्टने लक्ष ठेवलं नसेल तर मागे तो चालूच राहतो. घरच्या मीडिया सर्व्हरला ठीक आहे, सार्वजनिक साइटला नाही. आधी एकदा कन्व्हर्ट करून ठेवा आणि सर्व्हरला साधी फाइल वाटू द्या, वेबसर्व्हर त्याच कामासाठी बनलाय.

५. सर्व्हर तुकडे देतोय का ते तपासा

ही पायरी गाळू नका. ब्राउझर व्हिडिओ अख्खा मागत नाही, रेंज हेडर पाठवून अमुक बाइटपासून तमुक बाइटपर्यंत असा तुकडा मागतो. सर्व्हरने त्याला २०६ (म्हणजे तुकडा देतोय) असं उत्तर द्यायचं, सोबत कंटेंट-रेंज हा हेडर. सर्व्हर रेंजकडे दुर्लक्ष करून २०० देऊन अख्खी फाइल ओतायला लागला तर क्रोममधे व्हिडिओ चालतो पण पुढे सरकवता येत नाही, सरकवला की परत सुरुवातीला येतो. सफारी तर सुरुवातीला बाइट ० ते १, म्हणजे दोनच बाइट, मागून सर्व्हरची परीक्षा घेते आणि तिथे २०६ आलं नाही तर व्हिडिओ चालवतच नाही. "आयफोनवर काहीच हलत नाही" याचं कारण फार वेळा इथे सापडतं.

तपासायला कर्लला आर ऑप्शन देऊन ०-९९ लिहा आणि हेडर दाखवायला सांगा. २०६ आणि कंटेंट-लेंथ १०० आलं तर पास. २०० आलं तर नापास, मग प्लेअरकडे बघायचंसुद्धा नाही.

एनजिनएक्स आणि अपाची साध्या फाइलला रेंज आपणहून देतात, काही लावावं लागत नाही. घोळ होतो तो मधे स्क्रिप्ट आली की. लॉगिन तपासायचं म्हणून लोक व्हिडिओ पीएचपीमधून रीडफाइलने पाठवतात, आणि रीडफाइलला रेंज वगैरे काही माहीत नसतं. रेंज स्वतः लिहिता येते पण ते काम किचकट आहे आणि गरजही नाही. स्क्रिप्टने फक्त परवानगी तपासावी आणि एक्स-ॲक्सेल-रीडायरेक्ट हा हेडर देऊन फाइल एनजिनएक्सवर सोपवावी. तो फोल्डर इंटर्नल म्हणून जाहीर करायचा म्हणजे बाहेरून थेट उघडता येत नाही. अपाचीला हेच काम एक्स-सेंडफाइल मॉड्यूल करतं. आणखी एक बारीक काटा पीएचपीतला: सेशन सुरू ठेवून मोठी फाइल पाठवली तर सेशन लॉक राहतं आणि त्याच माणसाची बाकीची पानं अडकून बसतात, म्हणून पाठवण्याआधी सेशन-राइट-क्लोज.

आपल्या मशीनवर टेस्टसाठी पायथनचा एका ओळीत सुरू होणारा एचटीटीपी सर्व्हर वापरत असाल तर त्याच्या नेहमीच्या आवृत्त्या रेंज देत नाहीत. तिथे सरकवता आलं नाही म्हणून फाइलला नावं ठेवू नका.

याच वेळी अजून चार गोष्टी बघून घ्या. कंटेंट-टाइप व्हिडिओ/एमपी४ येतोय ना, ऑक्टेट-स्ट्रीम असेल तर काही ब्राउझर चालवण्याऐवजी डाउनलोड करतात. व्हिडिओवर जीझिप (सर्व्हरने फाइल दाबून पाठवणं) नको, आकार कमी होत नाही आणि रेंज बिघडते. पान एचटीटीपीएसवर असेल तर व्हिडिओही एचटीटीपीएसवरच हवा. आणि सर्व्हरपुढे प्रॉक्सी किंवा सीडीएन (फाइलच्या प्रती ठेवून वाटणारं सर्व्हरांचं जाळं) असेल तर कर्लची तपासणी बाहेरच्या पत्त्यावर पुन्हा करा, कारण आतला सर्व्हर २०६ देतोय आणि पुढचा ते मोडतोय असं होऊ शकतं. एनजिनएक्सच्या एमपी४ मॉड्यूलबद्दल कुठे वाचलं असेल तर ते फ्लॅशच्या काळात पत्त्यात स्टार्ट देऊन सरकवायला होतं, रेंज असताना लागत नाही.

६. आता व्हिडिओ टॅग

इथवर नीट आलात तर प्लेअर म्हणजे एचटीएमएलचा साधा व्हिडिओ टॅग. त्यात कंट्रोल्स, आयफोनवर व्हिडिओ आपोआप फुलस्क्रीन होऊ नये म्हणून प्लेजइनलाइन, पोस्टरला एक चित्र, आणि प्रीलोडला मेटाडेटा. एका पानावर दहा व्हिडिओ असतील तर प्रीलोड ऑटो ठेवू नका, कोणी प्ले न दाबताही डेटा वाहतो. एकापेक्षा जास्त फॉरमॅट देत असाल तर सोर्स टॅगचा क्रम महत्त्वाचा, ब्राउझर वरून खाली बघतो आणि जे चालवता येईल असं वाटतं ते पहिलं उचलतो. म्हणून एव्ही१ वर आणि एच.२६४ खाली, आणि टाइपमधे कोडेकही लिहा, नाहीतर दोन्ही एमपी४ म्हणजे त्याला सारखेच.

ऑटोप्लेचा हट्ट असेल तर म्यूटेड लावावंच लागतं. क्रोमने २०१८ पासून आवाजासकट आपोआप सुरू होणं आवरतं घेतलं, सफारीने त्याच्या आधीच. स्क्रिप्टने प्ले बोलवत असाल तर ते प्रॉमिस परत देतं, नकार आला तर तो पकडा आणि प्लेचं बटण दाखवा.

सबटायटल द्यायची तर ट्रॅक टॅगला वेबव्हीटीटी फाइल लागते, एसआरटी चालत नाही. फाइलच्या पहिल्या ओळीत वेबव्हीटीटी हा शब्द मोठ्या लिपीत, वेळेतल्या मिलिसेकंदाच्या आधीच्या स्वल्पविरामाऐवजी टिंब, आणि सेव्ह यूटीएफ-८ मधे. देवनागरी सबटायटलचे चौकोन किंवा कचरा दिसला तर हे शेवटचंच चुकलेलं असतं.

७. एचएलएस खरंच हवंय का

"स्ट्रीमिंग" म्हटलं की सगळे एचएलएसकडे, म्हणजे व्हिडिओचे तुकडे करून वाटायच्या पद्धतीकडे, धावतात. पाच-दहा मिनिटांचे व्हिडिओ, एकच रेझोल्यूशन, बघणारे मोजके, एवढंच असेल तर वरचा साधा एमपी४ पुरतो आणि त्याची देखभालही शून्य. एचएलएस हवं ते बघणाऱ्यांची इंटरनेट स्पीड कमीजास्त असेल तेव्हा, व्हिडिओ लांब असतील तेव्हा, किंवा लाइव्ह असेल तेव्हा. ॲपलने ते २००९ मधे आणलं आणि २०१७ मधे आरएफसी ८२१६ म्हणून छापलं गेलं. कल्पना साधी आहे, व्हिडिओचे काही सेकंदांचे तुकडे करायचे, तुकड्यांची यादी एका एम३यू८ फाइलमधे लिहायची, असे तीनचार क्वालिटीचे संच करायचे आणि वर एक मास्टर यादी. प्लेअर स्पीड बघून दर तुकड्याला ठरवतो कुठल्या संचातून घ्यायचा. डॅश नावाचा भाऊबंद आहे, तोही चांगला, पण आयफोनचा विचार केला तर एकच निवडायचा असताना मी एचएलएस घेतो.

ठरवण्याआधी बँडविड्थचा हिशोब एकदा करा. २.५ मेगाबिटचा व्हिडिओ म्हणजे मिनिटाला १८.७५ एमबी, दहा मिनिटांना १८७.५ एमबी. असे १०० जण एकाच वेळी बघत असतील तर २५० मेगाबिटचा सतत प्रवाह, आणि हे एचएलएस लावलं म्हणून कमी होत नाही, कमी स्पीडवाल्यांना लहान संच मिळतो एवढंच.

८. एचएलएसचे तुकडे पाडताना

तुकडा फक्त कीफ्रेमवर (आधीच्या फ्रेमवर अवलंबून नसलेल्या पूर्ण चित्रावर) पडतो हे आधी डोक्यात ठेवा. लिबएक्स२६४ आपल्या मर्जीने २५० फ्रेमपर्यंत कीफ्रेम न टाकता जातो, २५ फ्रेमच्या व्हिडिओत म्हणजे १० सेकंद. तुम्ही ६ सेकंदांचे तुकडे मागता, ॲपलची शिफारसही तेवढीच आहे, आणि मिळतात कमीजास्त लांबीचे. त्यात प्रत्येक संचाच्या कीफ्रेम वेगळ्या ठिकाणी पडल्या की क्वालिटी बदलताना चित्र अडखळतं. उपाय असा की दर २ सेकंदांनी कीफ्रेम सक्तीने टाकायची: जी या ऑप्शनला फ्रेम रेटच्या दुप्पट आकडा, कीइंट-मिन तोच, आणि एससी-थ्रेशोल्ड शून्य म्हणजे सीन बदलला तरी मधेच कीफ्रेम टाकणार नाही. सगळ्या संचांना हे सारखंच.

मग एचएलएस-टाइम ६ आणि एचएलएस-प्लेलिस्ट-टाइप व्हीओडी. हा दुसरा विसरला तर एफएफएमपेग हे लाइव्ह समजून यादीत फक्त शेवटचे ५ तुकडे ठेवतो, आणि तासाभराचा व्हिडिओ ब्राउझरमधे अर्ध्या मिनिटाचा दिसतो. तुकडे डिस्कवर सगळे असतात, यादीतच नसतात, त्यामुळे माणूस भलतीकडेच शोधत राहतो. व्हिडिओ कन्व्हर्ट होत असतानाच बघायला सुरुवात करू द्यायची असेल तर मात्र प्रकार इव्हेंट ठेवा, यादी वाढत जाते आणि जुनं काही गळत नाही.

संच म्हणून ३६०पी ला ८०० किलोबिट, ७२०पी ला २.५ मेगाबिट, १०८०पी ला ५ मेगाबिट एवढे तीन सुरुवातीला पुष्कळ. दहा मिनिटांच्या व्हिडिओला संचामागे १०० तुकडे, म्हणजे ३०० फाइली, म्हणून प्रत्येक व्हिडिओला वेगळा फोल्डर. मास्टर यादीतला बँडविड्थचा आकडा बिटमधे असतो, किलोबिटमधे नाही, ८०० किलोबिटला ८००००० लिहायचं आणि त्यात आवाजाचाही हिस्सा धरायचा. तिथे ८०० लिहिलं तर प्लेअरला वाटतं हा संच कुठल्याही कनेक्शनवर धावेल. सफारी यादीतला पहिला संच घेऊन सुरुवात करते, त्यामुळे १०८०पी पहिल्या ओळीत ठेवू नका.

ब्राउझरमधे सफारी एम३यू८ थेट व्हिडिओ टॅगच्या एसआरसीत घेते. बाकी डेस्कटॉप ब्राउझरवर त्या भरवशावर राहू नका, एचएलएस डॉट जेएस ही लायब्ररी लावा. आधी त्याला विचारायचं की इथे चालशील का, हो म्हणाला तर त्याच्याकडून, नाही म्हणाला तर कॅन-प्ले-टाइपने तपासून पत्ता थेट टॅगला.

सर्व्हरवर एम३यू८ ला ॲप्लिकेशन/व्हीएनडी.ॲपल.एमपेगयूआरएल आणि तुकड्यांच्या टीएस फाइलींना व्हिडिओ/एमपी२टी हे टाइप लावा. डॉट टीएस ही शेपटी टाइपस्क्रिप्टचीही आहे, काही डेव्हलपमेंट सर्व्हर त्यामुळे गोंधळतात. जीझिप फक्त एम३यू८ ला.

९. व्हिडिओ दुसऱ्या डोमेनवर असेल तर

साधा एमपी४ दुसऱ्या डोमेनवरून व्हिडिओ टॅगमधे सीओआरएसशिवाय (म्हणजे दुसऱ्या डोमेनच्या स्क्रिप्टला फाइल वाचू देणाऱ्या परवानगीच्या हेडरशिवाय) चालतो. एचएलएस डॉट जेएस मात्र यादी आणि तुकडे स्क्रिप्टमधून आणतं, त्यामुळे ॲक्सेस-कंट्रोल-अलाव-ओरिजिन हा हेडर यादीवरही हवा आणि प्रत्येक तुकड्यावरही. सफारीत चालतंय आणि क्रोममधे नाही असं दिसलं की हे तपासा. तुकड्यांना कॅशची मुदत लांब द्या, आणि व्हिडिओ परत कन्व्हर्ट केला तर फोल्डरचं नाव बदला, जुन्याच नावावर नवीन तुकडे टाकले तर कोणाला अर्धे जुने अर्धे नवे मिळतात. डाउनलोड कोणीच करू नये असं वाटत असेल तर ते होणार नाही, जे दिसतं ते उतरवता येतं. लिंक ठरावीक वेळेनंतर बंद होईल अशी सोय एनजिनएक्सच्या सिक्युअर-लिंकने करता येते, त्यावर समाधान माना.

१०. तरीही चालत नसेल तर

कन्सोलमधे व्हिडिओ एलिमेंटची एरर बघा. कोड ४ म्हणजे फाइल मिळाली नाही किंवा प्रकार समजला नाही, तेव्हा आधी नेटवर्क टॅबमधे ४०४ आणि कंटेंट-टाइप बघा, मग कोडेक. पत्त्यावर व्हिडिओऐवजी लॉगिनचं पान येत असेल तरी हाच कोड येतो. कोड ३ म्हणजे फाइल वाचायला सुरुवात झाली आणि मधे बिघडली, तिथे अर्धवट कन्व्हर्ट झालेली फाइल किंवा अर्धवट अपलोड आधी तपासा, सर्व्हरवरचा आणि आपल्याकडचा साइज जुळतो का ते. आवाज आहे चित्र नाही तर एच.२६५ किंवा १० बिट. चित्र आहे आवाज नाही तर एसी३ किंवा डीटीएस, अर्थात टॅब म्यूट नाही ना तेही बघा. उशिरा सुरू होतो तर फास्टस्टार्ट. सरकवता येत नाही तर रेंज. सगळं नीट चालतं पण मधे मधे थांबतं तर बिटरेट, आणि ते आपल्या ऑफिसच्या वेगवान नेटवर कधीच दिसणार नाही, त्यासाठी नेटवर्क टॅबमधून स्पीड मुद्दाम कमी करा आणि व्हिडिओ निदान पाच मिनिटं चालू ठेवून बघा.